वाचकांचे प्रश्न : वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे ताट

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर काय खावे, किती खावे आणि त्रास झाला तर काय करावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. नावे पत्रलेखकांच्या इच्छेनुसार गाळली आहेत. बहुतेक पत्रांत दोन शस्त्रक्रियांचा उल्लेख असतो. ‘स्लीव्ह’ या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि उरलेल्या भागाची अरुंद नळी राहते. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाशी साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे अन्न उरलेले जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. दोन्हींतील आहाराचे नियम बरेचसे सारखे असले तरी औषधे, गोड पदार्थ आणि जीवनसत्त्वे यांबाबत फरक पडतो. म्हणून प्रश्न पाठवताना शस्त्रक्रियेचे नाव आणि तारीख डिस्चार्ज कार्डावरून पाहून अवश्य लिहावी. उत्तरांत दिलेली प्रमाणे सर्वसाधारण आहेत. आपल्या शल्यचिकित्सकांनी लेखी सूचना दिल्या असतील तर त्याच पाळाव्यात.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. अर्धी पोळी आणि दोन घास भाजी खाल्ली की पोट गच्च होते. डॉक्टरांनी रोज ६० ग्रॅम प्रथिने घ्यायला सांगितली आहेत, ती एवढ्याशा पोटात बसवायची कशी? सासूबाई म्हणतात, पोळी-भात खाल्ल्याशिवाय अंगात बळ येणार नाही. (गृहिणी, सांगली)

उत्तर : तुमच्या ताटातील पदार्थ चुकीचे नाहीत, त्यांचा क्रम बदलायला हवा. स्लीव्हनंतर उरलेल्या जठरात एका वेळी जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर, म्हणजे घरातल्या एका लहान वाटीइतके अन्न मावते. त्या वाटीत पहिली जागा पोळीने अडवली, तर बाकीच्यांना जागा उरत नाही. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत प्रथिने सुमारे ३ ग्रॅम असतात. अर्ध्या पोळीत दीड ग्रॅम. तेवढ्याच जागेत ५० ग्रॅम पनीर बसले असते आणि त्यातून ९ ग्रॅम प्रथिने मिळाली असती. म्हणून जेवायला बसल्यावर आधी डाळ, उसळ, पनीर किंवा दही, मग भाजी आणि पोटात जागा राहिलीच तर शेवटी दोन घास पोळी, असा क्रम ठेवावा. आपल्याकडे पोळी किंवा भात हेच जेवण आणि बाकी सारे तोंडीलावणे अशी सवय असल्यामुळे हा बदल खाणाऱ्यापेक्षा वाढणाऱ्याला अधिक जड जातो.

आता हिशेब पाहू. दोन वेळचे मिळून ४०० मिलिलिटर साय काढलेले दूध घोटघोट घेतले तर सुमारे १३ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीर ९ ग्रॅम, ३० ग्रॅम मुगाच्या डाळीचे घट्ट वरण ७ ग्रॅम आणि कोरडे वजन २० ग्रॅम भरतील एवढे सोयाचे तुकडे १० ग्रॅम. बेरीज चाळिशीच्या आसपास येते, आणि हे सगळे खाऊन होईल असा दिवसही दोन महिन्यांच्या टप्प्यावर रोज उजाडत नाही. उरलेली वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिने पावडरीतून घ्यावी लागतात. व्यायामशाळेत जाणाऱ्यांची पावडर म्हणून अनेक घरांत तिच्याकडे संशयाने पाहतात, पण ‘व्हे’ म्हणजे दुधाचे चीज किंवा पनीर करताना निथळणाऱ्या पाण्यातलीच प्रथिने. ती शाकाहारीच आहेत. दुधाने पोट फुगत असेल तर त्यातील ‘आयसोलेट’ हा प्रकार विचारून घ्यावा, त्यात दुधातली साखर नगण्य असते.

वरण किती पातळ करता, याकडेही लक्ष द्या. चार माणसांच्या आमटीत मूठभर डाळ असेल तर तुमच्या वाटीत मुख्यतः पाणी येते. तुमची वाटी फोडणी घालण्याआधी भांड्याच्या तळातून काढून घ्यावी. पिठले हा या काळासाठी मला फार सोयीचा पदार्थ वाटतो : मऊ, पटकन होणारा, आणि ३० ग्रॅम बेसनात ६ ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिने देणारा, फक्त तेल बेताने आणि तिखट कमी. मटकी-मुगाच्या उसळी सुरुवातीला चांगल्या शिजवून ठेचून घ्याव्यात. ताकाऐवजी फडक्यात टांगून पाणी निथळलेले दही घेतले तर कमी जागेत जास्त प्रथिने मिळतात.

घास लहान असावा, पंचवीस-तीस वेळा चावावा आणि जेवण वीस ते तीस मिनिटे चालावे. मऊ पोळी आणि भात यांचा चिकट गोळा होऊन तो अडकतो, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. काहींना त्यापेक्षा पातळ, कडक फुलका सोसतो. जेवताना पाणी पिऊ नये आणि जेवल्यावर अर्धा तास थांबावे, मग दिवसभरात थोडे थोडे करून दीड ते दोन लिटर द्रव पोटात जाईल असे पाहावे. सासूबाईंना एवढेच सांगा की स्नायू टिकले तर बळ टिकते आणि स्नायू टिकवण्याचे काम वरण करते. त्यांच्या हातचे घट्ट वरण मागितलेत तर त्यांनाही ते पटण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : पत्नीच्या शस्त्रक्रियेला सहा आठवडे झाले. गेले तीन आठवडे तिला रोज उलट्या होतात, पाणीही नीट राहत नाही. आता दोन दिवस एकाच्या दोन वस्तू दिसतात, पायांना मुंग्या येतात आणि चालताना तोल जातो. अशक्तपणा असेल म्हणून जवळच्या डॉक्टरांकडून सलाईन लावून घ्यावे का? (एक वाचक, नाशिक जिल्हा)

उत्तर : हे पत्र मिळाले त्याच दिवशी आम्ही या वाचकांना दूरध्वनीवरून उत्तर कळवले आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जाण्यास सांगितले. ते येथे छापतो आहोत, कारण ही स्थिती ओळखण्यात घरोघरी उशीर होतो.

थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, शरीरात फार थोडे साठते. बाहेरून येणे थांबले तर हा साठा दोन-तीन आठवड्यांत संपू शकतो. शस्त्रक्रियेनंतर खाणे आधीच कमी झालेले असते, त्यात रोजच्या उलट्या सुरू झाल्या की ती वेळ लवकर येते. डोळ्यांच्या हालचाली बिघडून दुहेरी दिसणे, तोल जाणे आणि पुढे गोंधळल्यासारखे बोलणे ही मेंदूला थायमिन कमी पडत असल्याची लक्षणे आहेत. वैद्यकशास्त्रात याला वेर्निके एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. वेळेवर शिरेतून थायमिन दिले तर रुग्ण सुधारतो. उशीर झाला तर स्मरणशक्तीची हानी कायमची राहू शकते. तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता केवळ संशयावरून उपचार सुरू करावेत, अशी ही अवस्था आहे.

सलाईनविषयी एक गोष्ट अतिशय महत्त्वाची आहे. ग्लुकोजच्या वापरासाठी शरीराला थायमिन लागते. थायमिन न देता ग्लुकोजची बाटली लावली तर उरलासुरला साठाही संपून प्रकृती आणखी बिघडू शकते. म्हणून ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांना पहिल्याच वाक्यात सांगावे : ‘वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली आहे, इतके दिवस उलट्या आहेत, ग्लुकोजआधी थायमिन द्यावे लागेल का?’ असा प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अवमान, असे मानण्याचे कारण नाही. चांगला डॉक्टर त्याचे स्वागतच करतो.

भराभर खाल्ल्यामुळे, मोठा घास गिळल्यामुळे किंवा जेवणाबरोबर पाणी प्यायल्यामुळे एखादे वेळी घास अडकून फेसाळ लाळ येणे आणि मग उलटी होणे, हा प्रकार सुरुवातीच्या महिन्यांत अनेकांच्या वाट्याला येतो. त्या वेळी खाणे थांबवावे, काही तास फक्त द्रव घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी एक टप्पा मागे जाऊन पातळ-मऊ अन्नावर यावे. मात्र २४ तास पाणीही टिकत नसेल, लघवी गडद होऊन कमी झाली असेल, ताप, सतत पोटदुखी, छातीत धडधड किंवा काळी शौच यांपैकी काही असेल, तर घरगुती उपाय करत बसू नये. जोडाची जागा किंवा नळी अरुंद झाल्यामुळेही उलट्या होतात आणि त्यावर दुर्बिणीतून उपचार करता येतात.

प्रश्न : माझा बायपास होऊन चौदा महिने झाले. मधुमेहासाठी सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी अजून चालू आहे. मध्यंतरी सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा खाल्ला आणि पंधरा मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळा आणि जुलाब झाले. दुसऱ्या एका दिवशी पोहे आणि चहा घेतल्यावर दोन तासांनी हातपाय थरथरले, साखर मोजली तर ५४ होती. दोन्ही एकच आहे का? (संगणक अभियंता, ठाणे)

उत्तर : दोन्ही वेगळे आहेत. पहिल्या प्रसंगी साखर आणि तूप असलेले दाट मिश्रण छोट्या पिशवीतून थेट आतड्यात उतरले, आतड्याने ते पातळ करण्यासाठी रक्तातले पाणी ओढून घेतले आणि त्यातून धडधड, घाम व जुलाब झाले. याला ‘अर्ली डंपिंग’ म्हणतात. खाल्ल्यापासून बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुरू होते. अशा वेळी आडवे पडून राहावे, थोड्या वेळाने लक्षणे ओसरतात.

दुसरा प्रकार जेवणानंतर एक ते तीन तासांनी होतो. पिठूळ किंवा गोड पदार्थामुळे साखर एकदम चढते, तिच्या मागे इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त स्रवते आणि साखर खाली येते. पोहे आणि गोड चहा ही जोडी त्यासाठी पुरेशी आहे. परंतु तुमच्या बाबतीत ग्लिमेपिराइडवर माझा संशय अधिक आहे, कारण ही गोळी स्वतःच इन्सुलिन वाढवते, आणि वजन व खाणे दोन्ही घटल्यानंतर जुनी मात्रा जास्त ठरते. साखरेच्या हाताशी असतील त्या नोंदी घेऊन लगेच डॉक्टरांना भेटा. तोवर गोळी घ्यावी की नाही हे त्यांना दूरध्वनीवर विचारा. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि साखर सावरल्यावर मूठभर फुटाणे किंवा थोडे पनीर खावे. नुसत्या साखरेवर थांबलात तर तोच चढउतार पुन्हा होईल. थरथर होत असताना वाहन चालवू नये.

न्याहारीला पोह्यांऐवजी मुगाचे धिरडे, उकडलेले अंडे किंवा पनीरची भुर्जी घेऊन पाहा. प्रसाद नाकारणे जिवावर येते, हे खरे. तर तो चमच्याच्या टोकावर, जेवण झाल्यावर घ्यावा. उपाशीपोटी घेतलेला द्रोणभर शिरा आणि जेवणानंतर घेतलेला तोळाभर शिरा यांचा शरीरावरील परिणाम सारखा नसतो. उसाचा रस, नारळाची बर्फी, पाकातले पदार्थ यांपासून मात्र दूरच राहावे.

प्रश्न : मटण घशाखाली उतरत नाही, म्हणून नुसता पांढरा-तांबडा रस्सा पितो. त्यातून प्रथिने मिळतात ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : फारशी मिळत नाहीत. रश्श्यात चव, मीठ, मसाला आणि तूप-तेल उतरते. प्रथिने मुख्यतः मांसाच्या तुकड्यातच राहतात. मटणाचे तंतू चिवट असल्यामुळे ते बहुतेकांना उशिरा सोसते. तोवर मऊ शिजवलेला खिमा, ओलसर कोंबडी, काटे काढलेले मासे आणि अंडी घ्यावीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. कोरडी, पुन्हा गरम केलेली कोंबडी घशात अडकवणाऱ्या पदार्थांत अग्रक्रमावर असते.

प्रश्न : दर एकादशी आणि श्रावणी सोमवार मी वीस वर्षे करते आहे. चार महिन्यांपूर्वी स्लीव्ह झाली. उपास करू का? साबुदाण्याची खिचडी तर मऊच असते. (निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : साबुदाणा मऊ असला तरी तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्यात प्रथिने नाममात्र असतात आणि चिकटपणामुळे तो नळीत गोळा होऊन बसतो. शेंगदाण्याचे कूट हाच त्या खिचडीतला पोषक भाग. उपासाच्या पदार्थांत तुमच्या उपयोगाची एक वेगळी रांगही आहे : दूध, घट्ट दही, घरचे पनीर, राजगिऱ्याची दुधातली पातळ लापशी, शेंगदाण्याची आमटी आणि तिच्याबरोबर दोन चमचे भगर. ज्यांच्या घरी पनीर उपासाला चालते त्यांना अडचण येत नाही. प्रथिनांची पावडर चालते की नाही हे तुमच्या श्रद्धेने ठरवा. माझ्या मते उपासाला दूध चालत असेल तर तीही चालावी.

निर्जळी उपास मात्र करू नये. जठर लहान झाल्यावर दिवसभराचे राहिलेले पाणी संध्याकाळी एकदम भरून काढता येत नाही, त्यामुळे निर्जलीकरण लवकर होते. वर्षभर तरी एकभुक्त राहणेही टाळावे, कारण दिवसाची प्रथिने एका जेवणात बसणार नाहीत. व्रतात रुग्णाला सूट असते, हे तुम्ही विद्यार्थ्यांच्या पालकांना कधीतरी सांगितले असेलच.

प्रश्न : वय २९. बायपासला दोन वर्षे झाली. सगळे रिपोर्ट चांगले आले म्हणून आठ महिन्यांपूर्वी गोळ्या बंद केल्या. आता केस पुन्हा गळू लागले आहेत. आम्हाला मूल हवे आहे. आहारात काय वाढवू? (बँक कर्मचारी, पुणे)

उत्तर : आहारात काही वाढवण्याआधी गोळ्या पुन्हा सुरू करा. तुमचे रिपोर्ट चांगले आले ते गोळ्या चालू होत्या म्हणून. बायपासनंतर जठरातील आम्ल आणि बी-१२ शोषण्यासाठी लागणारा घटक अन्नाला पुरेसा भेटत नाही. लोह आणि कॅल्शियम जिथे सर्वाधिक शोषले जाते तो आतड्याचा भाग वाटेतून वगळलेला असतो. ही रचना आयुष्यभर तशीच राहणार, म्हणून गोळ्याही आयुष्यभर. बी-१२ चा यकृतातील साठा बराच काळ पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा उघडी पडते आणि मधल्या काळात सगळे ठीक असल्याचा भास होतो.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळतात ते वजन झपाट्याने उतरल्यामुळे, आणि काही महिन्यांत परत येतात. दोन वर्षांनी पुन्हा सुरू झालेली गळती वेगळी समजावी : फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, जस्त आणि थायरॉइड तपासून घ्या. केसांसाठी म्हणून विकली जाणारी बायोटिनची गोळी लोहाची कमतरता भरून काढत नाही.

प्रमाणे साधारण अशी असतात : बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम तोंडाने किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन, पाळी येणाऱ्या स्त्रियांना लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम, कॅल्शियम १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५०० ते ६०० पेक्षा जास्त नाही, ड जीवनसत्त्व रक्तातील पातळी मिलिलिटरमागे ३० नॅनोग्रॅमच्या वर जाईपर्यंत रोज ३००० युनिटच्या आसपास. कॅल्शियम सायट्रेट या स्वरूपात मागावे, कारण कार्बोनेटला विरघळण्यासाठी आम्ल लागते. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा घेऊ नये, लिंबूपाणी चालेल.

गर्भधारणा शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने टाळावी असे सांगतात. तो काळ तुमचा उलटला आहे. तरीही तपासण्या सुधारेपर्यंत थांबावे, आणि तोवर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये, कारण बायपासनंतर त्या पुरेशा शोषल्या जातीलच असे नाही. फॉलिक ॲसिड आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू करावे. मधुमेह असेल किंवा वजन अजून जास्त असेल तर डॉक्टर मात्रा वाढवतात. अ जीवनसत्त्व असलेल्या गोळ्यांत ते रेटिनॉलऐवजी बीटा-कॅरोटीनच्या रूपात असावे. गरोदरपणात मधुमेह तपासण्यासाठी ग्लुकोजचे पाणी पाजतात. तुम्हाला त्याने डंपिंगचा जोराचा त्रास होऊ शकतो. नाव नोंदवतानाच शस्त्रक्रियेची कल्पना द्या आणि त्याऐवजी आठवडाभर घरी साखर मोजून चालेल का, हे विचारा.

प्रश्न : स्लीव्हला तीन वर्षे झाली. ३४ किलो उतरले होते, त्यातले ९ परत आले. जेवण अजूनही लहान मुलाएवढेच आहे. पिशवी पुन्हा मोठी झाली का? दुसरी शस्त्रक्रिया करावी का? (दुकानदार, जळगाव)

उत्तर : सर्वांत कमी वजन बहुधा बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान दिसते आणि नंतर त्यातले थोडे परत येणे अपेक्षितच आहे. नळी काही प्रमाणात सैल होते हेही खरे. पण जेवण लहान असताना वजन वाढत असेल तर आधी दोन जेवणांमधल्या वेळेकडे पाहावे. गल्ल्यावर बसून दिवसभरात चार चहा, प्रत्येकाबरोबर बिस्किटे, संध्याकाळी शेव-चिवडा, असे होते का? बिस्किट चहात विरघळते, शेव चावताच पीठ होते. अशा पदार्थांना अरुंद नळी अडवत नाही आणि पोट भरल्याची जाणीवही होत नाही. तेवढ्याच उष्मांकांचे वरण किंवा उसळ तुम्हाला एका वेळी संपवता आली नसती. शीतपेये, आइस्क्रीम आणि दारू यांचेही तेच. दारू तर शस्त्रक्रियेनंतर लवकर आणि जास्त चढते.

दुकानातून बिस्किटांचा पुडा हलवून तिथे फुटाण्यांची लहान डबी ठेवा आणि चहा बिनसाखरेचा, दिवसातून दोनदाच. सात दिवस जे जे तोंडात जाईल ते वेळेसह वहीत लिहा, ग्राहकाने दिलेला पेढासुद्धा. ती वही घेऊन आधी आहारतज्ज्ञांकडे जा. खाण्यात खरोखर काही सापडले नाही, किंवा छातीत जळजळ आणि आंबट पाणी येण्याचा त्रासही होत असेल, तर शल्यचिकित्सकांना दुर्बिणीची तपासणी आणि बेरियमचा एक्स-रे करण्याविषयी विचारा. दुसऱ्या शस्त्रक्रियेची चर्चा ते अहवाल हाती आल्यानंतर करता येईल.